विश्लेषण : कुणी आदेश न काढताही सेंट किल्डाची शाळा का बंद पडली?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरातील सेंट किल्डा बेटांवरची एकमेव शाळा १९३० मध्ये बंद पडली. ती बंद करण्याचा आदेश कुणी काढला नव्हता. तेथील अख्ख्या गावानेच स्थलांतर केले. ग्रामीण शाळा वाचवण्यासाठी आज स्कॉटलंडमध्ये कायदा आहे. त्याची गरज या शाळेच्या इतिहासातून कळते.

शाळा कशी होती?

नॉर्थ उइस्ट बेटापासून सुमारे ६४ किलोमीटरवरील हिर्ता बेटावर एकच वस्ती होती. समुद्रपक्षी पकडणे, मेंढ्या पाळणे आणि लोकरीचे कापड विणणे यावर लोक जगत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील चर्चला लागून एक वर्गखोली बांधली गेली. सर्व वयाची मुले तिथे एकत्र बसत. बहुतेकदा चर्चचा मिशनरीच शिक्षक असे.

मुले काय शिकली?

१८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये ५ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. त्यात गेलिक भाषेचा उल्लेखही नव्हता. घरी गेलिक बोलणारी ही मुले शाळेत इंग्रजी शिकली. बेटाबाहेर नोकरी शोधायची तर हीच भाषा लागे.

मग गाव का उठले?

१८५१ मध्ये लोकसंख्या सुमारे ११० होती. पुढच्याच वर्षी ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. पहिल्या महायुद्धानंतर तरुणही बाहेर पडू लागले. मेंढ्या राखायला आणि होडी वल्हवायला माणसे पुरेनात. अखेर १० मे १९३० रोजी २० जणांच्या सह्यांनी सरकारकडे स्थलांतराची मागणी झाली. २९ ऑगस्टला उरलेल्या ३६ जणांना घेऊन ‘हेअरबेल’ जहाज निघाले.

आज काय स्थिती?

बेटे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहेत. वर्गखोली १९२० च्या दशकातल्यासारखी मांडून ठेवली आहे. स्थलांतरावेळी आठ वर्षांच्या असलेल्या रेचल जॉन्सन यांचे २०१६ मध्ये निधन झाले. बेटावर जन्मलेल्यांपैकी त्या शेवटच्या होत्या.

कायदा काय सांगतो?

२०१० च्या कायद्यानुसार ग्रामीण शाळा बंद करण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला तीन गोष्टी तपासाव्या लागतात : अन्य पर्याय, गावावरचा परिणाम आणि मुलांचा प्रवास. २०१४ मध्ये या तरतुदी आणखी कडक झाल्या. मात्र कायदा प्रशासनाचा निर्णय रोखू शकतो, गाव सोडणाऱ्या कुटुंबांना नाही. त्यांना थांबवायला आधी रोजगार, दवाखाना आणि दळणवळण लागते. सेंट किल्डाची शाळा अडली ती तिथेच.