बल्ब बदलला, दिवा लागला. पण सिद्ध काय झालं?

आज प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेऊया. संशोधनाची तयारी करताना 'गृहीतक', 'नियंत्रित प्रयोग', 'कार्यकारणभाव' हे शब्द आपण पाठ करतो. मीही केले होते. त्यांचा अर्थ मात्र मला आमच्या घरच्या १५ वर्षं जुन्या एसयूव्हीच्या ब्रेक लाइटने शिकवला.

या गाडीचा डावा ब्रेक लाइट सारखा जायचा. बाबा गॅरेजमध्ये जायचे, बल्ब बदलला जायचा, दिवा लागायचा आणि विषय संपायचा. पहिला बल्ब ७ महिने टिकला, दुसरा ४ महिने, तिसरा जेमतेम ६ आठवडे. "हल्लीचे बल्बच हलके येतात" असं म्हणून आम्ही चौथा बसवला.

मग एका रात्री खंबाटकी घाटात बाबांनी ब्रेक दाबला आणि मागून येणारा ट्रक आमच्या गाडीला लागता लागता राहिला. पुढे चहाला थांबल्यावर तोच ड्रायव्हर येऊन म्हणाला, "मालक, ब्रेक मारला की तुमची डावी बत्ती विझते. मला वाटलं, पुढं मोटारसायकल आहे."

इथे जरा थांबा. ब्रेक दाबल्यावर दिवा *विझतो*. बल्ब उडालेला असेल तर तो लागणारच नाही, पण लागलेला दिवा ब्रेकने विझेल कसा? आमच्या स्पष्टीकरणात न बसणारं हे पहिलं निरीक्षण होतं, आणि ते आमच्या नव्हे, तर मागून पाहणाऱ्याच्या नजरेला पडलं.

आधी सर्किट समजून घेऊ

अशा गाड्यांच्या मागच्या बल्बमध्ये बहुधा दोन फिलामेंट असतात: पार्किंगसाठी ५ वॅटची आणि ब्रेकसाठी २१ वॅटची. दोन्हींना वीज वेगवेगळ्या वायरने येते. परतीचा रस्ता मात्र एकच असतो: बल्बचं पितळी कवच, तिथून होल्डरची पट्टी आणि पुढे गाडीची बॉडी. याला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात.

आता समजा, ही अर्थ सुटली. पार्किंग लाइट चालू असताना त्या फिलामेंटमधली वीज कवचापर्यंत येते आणि पुढे वाट नसल्यामुळे ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटी जाते. तिथून ब्रेकच्या वायरने ती उजव्या दिव्यात पोहोचते आणि त्याच्या अर्थमधून परतते. त्यामुळे डावा दिवा थोडा मंद का होईना, लागलेला दिसतो. ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरवरही १२ व्होल्ट येतात. दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज म्हणजे प्रवाह बंद. दिवा विझला!

कोणतं स्पष्टीकरण काय सांगतं?

संशोधनात नुसतं "हे कारण असेल" म्हणून भागत नाही. ते कारण खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं, हे आधी कागदावर लिहायचं असतं. मी असं लिहिलं:

१. चार्जिंगचं व्होल्टेज जास्त असेल, तर सगळ्याच बल्बांचं आयुष्य घटेल, फक्त डाव्याचं नाही.
२. ब्रेक पेडलचा स्विच किंवा फ्यूज खराब असेल, तर डावा आणि उजवा एकदम जातील.
३. बल्ब हलके असतील किंवा हादऱ्यांनी तुटत असतील, तर काढलेल्या बल्बची फिलामेंट तुटलेली दिसेल.
४. डाव्या होल्डरचा संपर्क खराब असेल, तर 'गेलेला' बल्ब प्रत्यक्षात चांगला असेल.

पहिली दोन लगेच बाद झाली, कारण बाकी सगळे दिवे ठीक होते. तिसरं की चौथं? बाबांच्या सवयीमुळे तिन्ही जुने बल्ब डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेले होते. मी ते बॅटरीला जोडून पाहिले. तिन्हींच्या दोन्ही फिलामेंट लागल्या. आम्ही तीनदा चांगला बल्ब काढून दुसरा चांगला बल्ब बसवला होता.

मग प्रत्येक वेळी दिवा लागला कसा? या लेखाचा मुद्दा इथेच आहे. बल्ब बदलताना एकाच वेळी दोन गोष्टी होतात: बल्ब नवा येतो आणि तो दाबून फिरवताना होल्डरचे संपर्क घासले जातात. श्रेय आपण पहिलीला दिलं, काम केलं होतं दुसरीने. या दोन गोष्टी वेगळ्या करणारा प्रयोग अगदी सोपा होता: तोच बल्ब काढायचा आणि *तोच* परत बसवायचा. मी तसं केलं आणि दिवा पूर्वीसारखाच लागला. नियंत्रित प्रयोग म्हणजे दुसरं काय!

मोजमाप कधी फसवतं?

गॅरेजमध्ये मीटर लावला नव्हता असं नाही. बल्ब काढून होल्डरमध्ये मोजलं तेव्हा १२.४ व्होल्ट आले, म्हणून वायरिंग 'ओके' ठरली. पण डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह इतका क्षुल्लक असतो की वाटेत दोन ओहमचा खराब सांधा असला तरी तिथे व्होल्टेज पडत नाही.

बल्ब लावून, ब्रेक दाबून ठेवून, बल्बचं कवच आणि बॉडी यांच्यामध्ये मोजलं तेव्हा डावीकडे ३.१ व्होल्ट आले, उजवीकडे ०.१. प्रवाह दीड अँपिअरच्या आसपास, म्हणजे सांध्याचा रोध सुमारे २ ओहम आणि तिथे जळणारी शक्ती साडेचार वॅटहून जास्त. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं, पट्टी कळकलेल्या पितळी भांड्यासारखी हिरवट. रबरी गॅस्केट फाटून पावसाचं पाणी आत जात होतं. उष्णतेने पट्टीचा ताण जातो, ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते. ७ महिने, ४ महिने, ६ आठवडे हा घसरता क्रम यातून समजतो. घरी अर्धवट टेकणारा संपर्क घाटातल्या हादऱ्यांनी पूर्ण सुटत असणार.

नवा होल्डर आणि नवी गॅस्केट बसवली, बल्ब मुद्दाम जुन्यातलाच ठेवला. पुन्हा मोजलं, तर ०.१ व्होल्ट. याला आता १४ महिने झाले, मधे एक अख्खा पावसाळाही गेला. तरी माझा भरवसा महिन्यांपेक्षा ३.१ वरून ०.१ वर आलेल्या आकड्यावर जास्त आहे.

आता माझी कबुली

हे सगळं झाल्यावर मी प्रयोगशाळेत परतलो आणि पोटात गोळा आला. माझ्या पातळ फिल्मचा रोध मोजताना आकडा हलायला लागला की मी नमुना 'खराब' म्हणून बाद करायचो, नवा लावायचो आणि आकडा स्थिर व्हायचा. असे ११ नमुने डबीत पडले होते. ते पुन्हा जोडले, तर त्यांतले ९ व्यवस्थित निघाले. दोष सिल्व्हर पेस्टच्या संपर्कात होता. प्रत्येक नव्या नमुन्याबरोबर संपर्कही मी नव्याने करत होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता मी चार टोकांनी मोजतो. प्रवाह दोन टोकांतून जातो, व्होल्टेज दुसऱ्या दोन टोकांवर मोजलं जातं आणि संपर्काचा रोध मोजमापातून जवळजवळ वगळला जातो. मॅडमना हे सांगताना लाज वाटली, पण प्रबंधात चुकीचा निष्कर्ष जाण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या वहीत उद्यापासून एक रकाना वाढवा. "अमुक बदललं आणि दुरुस्त झालं" असं लिहिलंत की शेजारी लिहा: "ते बदलताना आणखी काय काय हललं?" आणि काढून टाकलेला बल्ब लगेच फेकू नका.