खिंडीखालचा तळ

हिमाचल प्रदेशात बंजार व आनी यांच्या दरम्यान सुमारे ३,१२० मीटर उंचीवर जलोडी खिंड आहे. तिच्या उतारांवर देवदार व ओक यांची दाट वने आहेत. दिवसभर चढून आलेल्या प्रवाशास खिंडीतच राहुटी ठोकण्याचा मोह होतो. तो टाळावा. डोंगररांगेने अडविलेला वारा खिंडीच्या अरुंद वाटेने निघताना वेग घेतो; उघड्या माथ्यावर विजेचे भय असते ते निराळेच.

खाली उतरावे हे खरे, परंतु किती? दर हजार मीटर उतरल्यास हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उबदार होते. म्हणून अगदी तळाशी, ओढ्याकाठी, ऊब अधिक असेल असे वाटते. निरभ्र व निवांत रात्री मात्र उलटेच घडते. जमीन आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून निवते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होऊन पाण्याप्रमाणे उतारावरून वाहते आणि खोलगटात साचते. ओढ्याचे दुसरे भय याहून मोठे आहे : वर कोठेतरी मुसळधार पाऊस झाला, तर तळावर थेंबही न पडता पाणी चढते.

तेव्हा ओढ्यापासून बऱ्याच उंचीवरची, उताराच्या कुशीतील लहानशी सपाटी निवडावी. भोवती झाडे असावीत. त्यांचा पर्णसंभार जमिनीची उष्णता काही अंशी परतवितो. राहुटी ठोकण्यापूर्वी मान वर करून पाहावे. वठलेले झाड किंवा अडकून राहिलेली तुटकी फांदी दिसल्यास, जागा कितीही रम्य असो, पुढे जावे. शौचाची जागा पाण्यापासून निदान ६० मीटर दूर असावी. तेच पाणी पुढे खालच्या वस्त्यांत जाते.