पीडीएफ आणि आपोआप चालणाऱ्या फायली: एक मागोवा

संगणकावरून मजकूर दुसऱ्याच्या हाती देण्याच्या दोन रीती गेली तीस वर्षे शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. पीडीएफ फायलीत मुख्यतः पाने असतात आणि ती दाखवण्याचे काम वाचणाऱ्याच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम करतो. विंडोजची ईएक्सई किंवा अँड्रॉइड फोनची एपीके फाइल स्वतःच प्रोग्रॅम असते. ती उघडणे म्हणजे आपले यंत्र तिच्या हुकमाखाली देणे. २०२४च्या लग्नसराईत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फायली फिरू लागल्या आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले. कर्नाटकाच्या सीमाभागातील औराद तालुक्यातल्या चिंताकीसारख्या गावात या इशाऱ्याचे मोल मोठे आहे. इथल्या सोयरिकी उदगीर-देगलूरपर्यंत पसरलेल्या असतात आणि बाहेरगावची पत्रिका आता पोस्टाने येत नाही, फोनवर येते.

अडोबी कंपनीने पीडीएफ १९९३ साली बाजारात आणले. आधी वाचण्याचा प्रोग्रॅमही विकत घ्यावा लागे, पुढे तो फुकट झाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी वाचकाचा या फायलींशी फारसा संबंध आला नाही.

या दोन रीतींची खरी झुंज १९९८ ते २००८ या दशकात झाली. तेव्हा श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रत्येक प्रणालीचे फाँट वेगळे आणि अक्षरांचे संकेतही वेगळे. एका यंत्रावर टाइप केलेला मराठी लेख दुसऱ्यावर उघडला, की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिखल दिसे. पीडीएफने फाँट फायलीतच बसवून हा प्रश्न सोडवला. ईएक्सईने तो आणखी ऐसपैस सोडवला. मजकूर, फाँट, चित्रे, आवाज, शोधण्याची सोय असे सगळे एकाच फायलीत. वेगळा वाचक-प्रोग्रॅम उतरवून घ्यायची गरज नाही, आणि डायल-अपच्या काळात ही बचत छोटी नव्हती. अशा फाइलची सीडी घातली की पडदा आपोआप उजळे आणि आरती किंवा शाळेचा धडा ऐकू येई. मराठी वाचनाला आवाजाची आणि चित्राची जोड देणारे ते धाडस होते, आणि ते पुरते मावळले याची हळहळ वाटायलाच हवी.

ते मावळले ते विश्वास उडाल्यामुळे. सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरच्या संगणकांतील माहिती पुसून काढली. पुढच्या दशकात तालुक्याच्या नेट कॅफेंतून ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ने उच्छाद मांडला. पेन ड्राइव्हवर एक पिवळे फोल्डर दिसे. विंडोज फायलीच्या नावाचे शेपूट लपवत असल्यामुळे ‘ईएक्सई’ ही अक्षरे डोळ्यांना दिसतच नसत. फोल्डर समजून दोनदा क्लिक केले, की टास्क मॅनेजर बंद आणि ‘फोल्डर ऑप्शन्स’ गायब. पुढचा प्रत्येक पेन ड्राइव्हही बाधित. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली ‘क्विक हील’ याच काळात घरोघर पोचली. ईमेल सेवांनी ईएक्सई जोडपत्रे अडवायला सुरुवात केली. पेन ड्राइव्हवरील फाइल आपोआप चालवणाऱ्या ऑटोरनची वाट मायक्रोसॉफ्टने आधी विंडोज ७ मध्ये आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही बंद केली.

पीडीएफची बाजू तोवर भक्कम झाली होती. १ जुलै २००८ रोजी ते आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ई साहित्य प्रतिष्ठानने मराठी पुस्तके पीडीएफमध्ये विनामूल्य वाटायला घेतली. महाराष्ट्राचे शासन निर्णय पीडीएफमध्ये मिळू लागले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही. कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक संस्थेची मराठी माध्यमाची पुस्तकेही याच रूपात उतरवून घेता येतात. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला याचा आधार मोठा आहे. झुंजीच्या दशकातल्या पीडीएफ आजही फोनवर उघडतात. सीड्यांचे मात्र हाल झाले. १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला.

तरीही मराठी पीडीएफचा विजय अर्धाच आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे आणि विंडोज २००० पासून साध्या संगणकावरही चालते. असे असताना जुन्या फाँटातून किंवा कागद स्कॅन करून पीडीएफ काढण्याची खोड अनेक कार्यालयांनी, छापखान्यांनी आणि प्रकाशकांनी सोडलेली नाही. पानावर ‘औराद’ स्वच्छ दिसते, पण शोधायला गेले तर सापडत नाही. तोच शब्द कॉपी करून चिकटवला तर रोमन चिन्हे उमटतात. अंध वाचकाचा पडदा-वाचक त्या पानापुढे मुका होतो. फोनच्या पडद्यावर अक्षर मोठे करून मजकूर नव्याने मांडून घेता येत नाही, ओळ वाचायला पान इकडून तिकडे सरकवावे लागते. वीस वर्षांपूर्वी ही अडचण होती, आज ती हयगय आहे.

एपीकेची पत्रिका जुन्या ईएक्सईचीच चाल खेळते, पण तिची नजर बँकेच्या खात्यावर असते. ती आधी ‘अनोळखी ॲप’ बसवण्याची परवानगी मागते आणि मग एसएमएस वाचण्याची. दोन्ही मिळाल्या, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती जातो. पीडीएफही सर्वस्वी निर्धोक नाही. तिच्यातील त्रुटींचा गैरवापर होऊ लागल्यावर अडोबीला २०१० मध्ये आपल्या वाचक-प्रोग्रॅमला संरक्षक कुंपण घालावे लागले. पण पत्रिका वाचण्यासाठी ती काही बसवायला सांगत नाही, आणि ओळखीची खूण तीच आहे.

म्हणून पत्रिका, पावती किंवा दंडाची नोटीस म्हणून आलेल्या फायलीच्या नावाअखेर ‘एपीके’ दिसले, तर ती पाठवणारा सख्खा मामा असला तरी उघडू नये. त्याला फोन करून पीडीएफ मागावी. आणि मराठीत पीडीएफ काढणाऱ्या प्रत्येकाने ती युनिकोडमध्येच काढावी.