मैल्याचे विरजण

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत वीजबिलावरून जुंपली. तळघरातल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा ब्लोअर रात्रंदिवस चालतो, तो रात्री बंद ठेवला तर बिल उतरेल, अशी सूचना आली आणि बहुमताने मंजूरही झाली. आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेला मी हात वर करून बसलो होतो, पण जेवणाची वेळ झाली होती. आठवड्याभरात पार्किंगमध्ये कुजक्या अंड्यांचा वास दरवळू लागला.

ब्लोअर बंद केला म्हणजे नेमके काय बिघडले, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. मैलापाणी म्हणजे नव्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अंशात विष्ठा, साबण, खरकटे, तेल असे सारे असते आणि ते जिवाणूंचे अन्न आहे. खालून हवा सोडत राहिले की प्राणवायूवर जगणारे जिवाणू ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके होतात. हे पुंजके तळाशी बसले की वर निवळ पाणी उरते. हे ज्ञान फार जुने नाही. मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ साली आपले प्रयोग जाहीर केले. शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळून ते मैलापाण्यात हवा सोडत बसत. पहिल्या खेपेला शुद्धीकरण पुरे व्हायला पाच आठवडे लागले. त्यांच्या आधीचे लोक अशा वेळी पाण्याबरोबर गाळही फेकून देत. या दोघांनी गाळ ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले. असे करता करता पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले.

आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला यात नवल वाटले नसते. कालचे चमचाभर दही राखून ठेवायचे, एवढेच तर ते. वर्गात मी या गाळाला विरजणच म्हणत असे. (सूक्ष्मदर्शकाखाली या विरजणात देठावर डुलणारी घंटेसारखी व्हॉर्टिसेला दिसली, की केंद्राची तब्येत बरी आहे असे समजायचे. आमच्या केंद्रात ती दिसेनाशी झाली होती.)

या पद्धतीत एक गंमत आहे आणि ती महाग आहे. मैल्यात ऊर्जा असते, आणि आपण वीज जाळून ती हवेत उडवून टाकतो. अशा केंद्रांत विजेचा निम्म्याच्या आसपास वाटा हवा पुरवण्यातच जातो. हवा मुळीच न दिली तर? मग दुसरी मंडळी पंगतीला बसते. पहिले जिवाणू मोठे रेणू फोडतात, दुसरे त्यांची आम्ले करतात, तिसरे त्या आम्लांचे व्हिनेगरमधले आम्ल आणि हायड्रोजन करतात. एकाचे उष्टे दुसऱ्याचे जेवण. शेवटी बसणारे मिथेनकर्ते तर जिवाणूही नव्हेत. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवले, की त्यांचे कूळच वेगळे आहे. हे फार हळू जेवतात. आधीच्यांनी घाई केली तर आम्ल साचते, टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. थंडीतही ते सुस्तावतात. गाईच्या पोटात मात्र ते मुळातच असतात, म्हणून गोबरगॅसला वेगळे विरजण लावावे लागत नाही.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच माणसाच्या मैल्यापासून गॅस निघत होता, दिवे जळत होते. मग तो घरोघरी का पोचला नाही? एक कारण साधा हिशेब आहे. एका माणसाच्या दिवसाच्या मैल्यातून जेमतेम घनफूटभर गॅस मिळतो. चौघांच्या घराचा स्वयंपाक त्यावर होत नाही, गोठ्याची जोड लागते. दुसरे कारण किळस. तिच्याशी झुंजलेल्यांत मला अप्पासाहेब पटवर्धन मोठे वाटतात. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकामाचा हक्क मागितला, तो नाकारला गेला म्हणून अन्न सोडले आणि त्यांच्यासाठी गांधीजींनीही उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी स्वस्त, सोप्या संडासांचे प्रयोग केले. मैला हाताने उचलावाच लागू नये, हा त्यांचा रोख होता. त्याच वाटेने देहूच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर मापुसकर गेले आणि त्यांनी संडास थेट गॅसच्या टाकीला जोडले.

आता पुन्हा आमच्या तळघरात. ब्लोअर बंद झाल्यावर तिथेही बिनहवेची मंडळी जमली, पण गॅस वाहून न्यायला नळी नव्हती. शिवाय गंधकावर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करू लागले होते. हा वायू हवेहून जड असतो, खड्ड्यात साचतो. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की नाकाची जाणीवच मरते, वास गेला असे वाटते आणि माणूस आत उतरतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर, गटारात बिनासंरक्षण उतरवण्यावर २०१३ चा कायदा आहे. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि एकाला काढायला गेलेला दुसराही त्याच बातमीत असतो.

ठेकेदाराने पाठवलेली दोन पोरे कमरेला दोर बांधून झाकणाशी उभी होती. धाकटा म्हणाला, "काका, आता वास कमी झालाय." मी झाकणावरच खुर्ची टाकून बसलो. शेवटी सचिवांनी नाइलाजाने पंपाची गाडी मागवली, तिचे बिल ब्लोअरच्या दोन महिन्यांच्या बिलाहून जास्त आले. टाकी रिकामी झाल्यावर शेजारच्या संकुलातून दोन पिंपे तपकिरी गाळ आणून आत ओतला आणि ब्लोअर सुरू केला. पंधरा दिवसांनी थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतले, तेव्हा एका देठावर दोन घंटा डुलत होत्या.