बंदरातली आतषबाजी बोटीतून बघायची, तर बोट किती लांब उभी करायची?

४ जुलै २०१२. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या खाडीत बार्जवर फटाके रचून ठेवले होते. किनाऱ्यावर तुफान गर्दी होती आणि पाण्यात आतषबाजी बघायला आलेल्या बोटी उभ्या होत्या. कार्यक्रम साधारण १८ मिनिटांचा होता.

पण झालं भलतंच. कार्यक्रम सुरू व्हायच्या काही मिनिटं आधीच सगळे फटाके एकदम पेटले. जवळपास ७ हजार फटाके, १८ मिनिटांचा माल, अर्ध्या मिनिटाच्या आत संपला. बार्जच्या जागी आगीचे डोंगर उभे राहिले आणि मग सगळा अंधार. लोकांना वाटलं ही नुसती सलामी आहे, खरा कार्यक्रम अजून व्हायचाय. तो कधीच झाला नाही.

आतषबाजी करणाऱ्या कंपनीने नंतर कारण सांगितलं. कॉम्प्युटरमधली मूळ फाइल आणि बॅकअप फाइल एकत्र करताना गडबड झाली, एकाच फाइलमध्ये सूचनांचे दोन संच गेले आणि कॉम्प्युटरने सगळे बार एकदमच उडवले.

सोशल मीडियावर या प्रकाराची भरपूर चेष्टा झाली, व्हिडिओ जगभर फिरला. पण त्यातली खरी बातमी वेगळीच होती. ७ हजार फटाके एकाच वेळी फुटूनही एकाही माणसाला इजा झाली नाही. कारण त्या बार्जच्या आसपास प्रेक्षकांची एकही बोट नव्हती. तिथं कुणाला येऊच दिलं नव्हतं.

हे "येऊ न देणं" नेमकं कसं ठरतं? किती लांब म्हणजे लांब? आणि एवढं करूनही अशा रात्री माणसं का मरतात? एकेक करून बघू.

आधी हा फटाका काय असतो ते समजून घ्या

आपण दिवाळीत उडवतो ते बाण वेगळे आणि हे वेगळे. सांगली जिल्ह्यातल्या कवठे एकंदची दसऱ्याची आतषबाजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आकाशात जाऊन फुटणारा औट माहीत असेल. बंदरातल्या आतषबाजीतही मुख्य काम अशाच गोळ्यांचं असतं.

एक जाड नळी उभी करायची. तिच्या तळाशी दारू, त्यावर गोळा. तळातली दारू पेटली की गोळा उखळी तोफेसारखा वर फेकला जातो. त्याच वेळी गोळ्याची स्वतःची वातही पेटते. ती काही सेकंद जळते आणि गोळा सर्वात उंच पोहोचतो तेव्हा आतली दारू फुटून चांदण्या चहूकडे उधळतात.

गोळ्याचं माप इंचात मोजतात. ढोबळ हिशोब असा, की गोळ्याचा व्यास जितके इंच, तितके शंभर फूट तो वर जातो. ३ इंचाचा गोळा ३०० फुटांच्या आसपास, १० इंचाचा हजार फुटांच्या आसपास.

हे सगळं नीट झालं तर प्रश्नच नाही. प्रश्न येतो तो बिघडल्यावर. नळी कलंडली तर गोळा आडवा सुटतो. तळातली दारू कमी पडली तर तो खालीच फुटतो. वात मधेच विझली तर तो न फुटताच खाली येतो, म्हणजे आपल्या भाषेत फुसका बार. पण हा फुसका बार काही किलोंचा असू शकतो आणि त्याच्या पोटात दारू तशीच असते. शिवाय सगळं ठीक झालं तरी जळके कागद, पुठ्ठ्याचे तुकडे आणि अर्धवट विझलेल्या चांदण्या खाली पडणारच. वारा असेल तर त्या कुठं पडतील ते वारा ठरवतो.

अंतराचं गणित

अमेरिकेत मोठ्या आतषबाजीसाठी जे अग्निसुरक्षा मानक वापरतात, त्यात सोपा नियम आहे. सर्वात मोठ्या गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे किमान ७० फूट अंतर.

म्हणजे ३ इंचाचा गोळा असेल तर २१० फूट, साधारण ६४ मीटर. ६ इंचाला ४२० फूट, म्हणजे १२८ मीटर. १० इंचाला ७०० फूट, सव्वादोनशे मीटरला थोडं कमी. १२ इंचाला ८४० फूट, म्हणजे अडीचशे मीटरच्या थोडं वर.

पाण्यावर त्यात भर घालतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दरवर्षी होणाऱ्या आतषबाजींसाठी तटरक्षक दलाचा नियम बघा. बार्जवर फटाके भरले जात असताना आणि बार्ज जागेवर नेली जात असताना तिच्याभोवती १०० फुटांचं वर्तुळ बंद. कार्यक्रम जवळ आला की तेच वर्तुळ १,००० फुटांचं होतं, म्हणजे ३०० मीटरच्या किंचित वर. यातली पहिली गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बार्ज धक्क्यावर शांत उभी असली तरी ती दारूचं कोठारच असते. फोटो काढायला तिच्याजवळ बोट नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

सिडनीत ३१ डिसेंबरच्या रात्री हार्बर ब्रिजच्या आजूबाजूचं बरंच पाणी असंच बंद केलं जातं. कुठला भाग किती वाजता बंद होणार याचे नकाशे आधीच जाहीर होतात आणि गस्तीच्या बोटी हद्दीवर उभ्या असतात. कुणी आत घुसलं तर कार्यक्रम थांबवावा लागतो. म्हणजे एका अतिशहाण्या बोटवाल्यामुळे लाखो लोक खोळंबतात.

हद्दीच्या अगदी काठावर बोट लावली तर?

अनेकांचा डाव हाच असतो. नियम पाळायचा, पण पहिली रांगही सोडायची नाही. यात घोळ असा आहे, की पाण्यावर पार्किंग नावाची गोष्ट नसते.

नांगर टाकलेली बोट एका जागी राहत नाही, ती नांगराभोवती फिरते. नांगर नीट धरायचा तर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो. खोली ६ मीटर असेल तर ३० ते ४० मीटर दोर. आता भरतीची ओहोटी झाली किंवा वारा फिरला, की बोट नांगराच्या एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला जाते. म्हणजे दुप्पट, तब्बल ६० ते ८० मीटर. इंजिन बंद, सगळ्यांच्या नजरा आकाशात आणि तुम्ही नकळत हद्दीच्या आत. त्यामुळे दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतर आधीच सोडून नांगर टाकायचा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. धूर आणि जळके तुकडे वारा जिकडे वाहतो तिकडेच जाणार. त्यामुळे वारा तुमच्याकडून बार्जकडे जातोय अशा बाजूला थांबायचं. बोटीवर कापडी छत असतं, फायबरचा सांगाडा असतो आणि पेट्रोलची वाफ असू शकते. एक निखारा पुरतो.

अंतर मोजायचं एक देशी तंत्रही आहे. वीज चमकली की आपण कडकडाट होईपर्यंत आकडे मोजतो ना, तेच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फटाका दिसल्यावर आवाज यायला एक सेकंदसुद्धा लागत नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. आणि लक्षात घ्या, गोळा उंचावर फुटतो म्हणून हे अंतर तिरकं असतं. पाण्यावरचं अंतर त्याहून कमीच.

पण माणसं फटाक्यांनीच मरतात असं नाही

सॅन डिएगोत कुणाला खरचटलंही नाही, त्याच रात्री अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ऑयस्टर बे इथं आतषबाजी व्यवस्थित पार पडली. लोक घरी निघाले. त्यात ३४ फुटांची एक बोट होती. तिच्यावर २७ माणसं होती. वाटेत ती उलटली. बोटीच्या केबिनमध्ये असलेली ३ मुलं गेली.

आतषबाजीच्या रात्री बोटीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं चढतात, कारण "अजून दोघांना घेऊ, काय होतंय" असं सगळ्यांनाच वाटतं. वरच्या डेकवरून छान दिसतं म्हणून माणसं वर जातात आणि बोटीचा तोल वर सरकतो. एखादा बार एका बाजूला फुटला की सगळे त्या बाजूला धावतात. कार्यक्रम संपला की शेकडो बोटी एकाच वेळी इंजिन सुरू करून निघतात आणि त्यांच्या लाटा एकमेकींवर आदळतात. वरून जड झालेल्या बोटीला अशी एक लाट पुरते.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०१२ ला, हाँगकाँगमध्ये याहून भयंकर घडलं. चीनच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बघायला एका वीज कंपनीचे कर्मचारी कुटुंबांसह 'लामा ४' या बोटीतून निघाले होते. लामा बेटाजवळ तिला एका फेरीबोटीची धडक बसली. बोटीचा मागचा भाग दोन-तीन मिनिटांत पाण्याखाली गेला. ३९ जण दगावले, त्यात ८ मुलं होती. चौकशी आयोगाला दिसलं की बोटीच्या दोन कप्प्यांमध्ये जो पाणीबंद दरवाजा असायला हवा होता, तो बसवलेलाच नव्हता. एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात शिरलं. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्सही बोटीवर नव्हती.

ही टक्कर झाली तेव्हा आतषबाजी सुरूही झाली नव्हती. म्हणजे जाताना एक धोका, येताना दुसरा. मधल्या वेळात बार्जपासून लांब राहायची काळजी तर सगळेच घेतात.

अंधारात नेमकं काय चुकतं?

डोळे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. लखलखाट बघून लगेच बोट हाकायला घेतली, तर समोरची छोटी होडी दिसत नाही. त्यात किनाऱ्यावरच्या शहराचे दिवे. बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. त्यावरूनच दुसरी बोट कुठल्या दिशेने चाललीय ते कळतं. पण शहराच्या झगमगाटात हे दिवे हरवतात आणि हौशी लोक बोटीला रंगीत माळा लावतात तेव्हा तर काहीच समजत नाही.

यावर सर्वात सोपा उपाय फुकट आहे. कार्यक्रम संपल्यावर निघायची घाई करायची नाही. अर्धा तास तिथंच थांबायचं, डबा उघडायचा, गप्पा मारायच्या. डोळे सरावतात, गर्दी पांगते, लाटा बसतात. तसंही बार्जभोवतीचं पाणी लगेच मोकळं होत नाही. न फुटलेले गोळे राहिलेत का ते आधी तपासलं जातं. असा गोळा पाण्यावर तरंगताना दिसला तर उचलायचा नाही. लांब राहून गस्तीच्या बोटीला सांगायचं.

तुम्ही बोट चालवत नसाल तरी

आपल्यापैकी बहुतेक जण बोटीचे मालक नसतात, तिकीट काढून बसणारे असतात. सिडनीत, न्यूयॉर्कला, दुबईत राहणारे मराठी लोकही अशा क्रूझची तिकिटं काढतातच. चढण्याआधी तीन प्रश्न विचारा. या बोटीला किती माणसांची परवानगी आहे? लाइफ जॅकेट्स कुठं आहेत आणि मुलांच्या मापाची आहेत का? आणि बोट चालवणारा प्यायलेला तर नाही ना?

विचारायला लाज वाटत असेल तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, १५ जण गेले. तिथं फटाके नव्हते, रात्रही नव्हती. दुपार होती. लाइफ जॅकेट अंगात असणं आणि बाकाखाली असणं यात केवढं अंतर आहे, ते त्या दिवशी मुंबईने पाहिलं. मुलांना जॅकेट चढतानाच घालायचं, उतरल्यावरच काढायचं. आणि बोट चालू असताना त्यांना खालच्या केबिनमध्ये झोपवायचं नाही.

राहिला प्रश्न लांबून मजा येते का याचा. हजार फुटांवर फुटणारा गोळा अर्ध्या किलोमीटरवरून बघायला मान थोडीच वर करावी लागते आणि अख्खं फूल एका नजरेत मावतं. जवळून बघणाऱ्याच्या वाट्याला मानदुखी, धूर आणि राख येते. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. बंदरातल्या आतषबाजीला मात्र ती सरळ अर्थानेच लागू पडते.