काचेआडचा हिवाळा

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मॅनहॅटनच्या इमारती येतात. त्याच नावाच्या राज्यातला ईरी आणि ऑन्टॅरिओ या महासरोवरांच्या काठचा मुलूख मात्र हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जातो. कॅनडाकडून येणारा गारठलेला वारा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून बाष्प उचलतो आणि काठावर आला की बर्फ ओतत सुटतो. टग हिलच्या पठारावर वर्षाला सरासरी 200 इंचांहून अधिक बर्फ पडतो. नोव्हेंबर 2022मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे 80 इंच पडला. उभा माणूस बुडेल एवढा.

मोठे रस्ते सरकारी गाड्या मोकळे करतात. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट ज्याची त्याने उकरायची. गावाबाहेर राहणाऱ्यांची ही वाट शे-दोनशे मीटरही असते, म्हणून दारात वीस-पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर असतो. जपानी बनावटीचे असे ट्रॅक्टर अमेरिकेत रुळले. आपल्या महिंद्रानेही 1994मध्ये तिथे कंपनी काढली. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ फेकायचा. कारखान्यातूनच बंद केबिन घेतली तर किंमत कित्येक हजार डॉलरनी वाढते, त्यामुळे बरेच जण उघडा ट्रॅक्टर घेतात. मग पहिला हिवाळा येतो. पारा उणे 18 अंशांवर आणि वारा ताशी 24 किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला तो गारठा उणे 28 अंशांसारखा झोंबतो. यंत्राने उडवलेला बर्फ वारा परत तोंडावर आणून मारतो. मग बाहेरून केबिन मागवली जाते. पत्र्याचे भाग, पुढची काच, दारं, नट-बोल्टांच्या पिशव्या असं सगळं सुटं येतं आणि घरच्या गॅरेजात जोडायचं असतं.

घेणारा उबेचा विचार करतो. माझ्या मते त्याने आधी नजरेचा विचार करावा. छोट्या बंद जागेत माणूस श्वास सोडत असतो, बुटांना चिकटून आलेला बर्फ वितळत असतो, आणि समोरची काच बाहेरून गोठलेली असते. आतलं बाष्प त्या काचेवर बसतं आणि तिथेच गोठतं. वायपर बाहेरच्या बाजूला. आतल्या थरापुढे त्याचं काही चालत नाही. हातमोज्याने पुसलं की घडीभर दिसतं, पुन्हा पांढरं. दहा मिनिटांत चालवणारा आंधळा होतो, आणि घरातलं कुणी त्याच अंगणात फावडं घेऊन उभं असू शकतं.

उपाय मात्र वरवर उलटा वाटणारा आहे: बाहेरची गार हवा आत घ्यायची. उणे 18 अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा 15 अंशांपर्यंत तापवली की तिच्यात जवळपास 13 ग्रॅम मावू शकतं. म्हणजे तापवलेली ताजी हवा कोरडी ठणठणीत असते, ओल शोषून घेते. ती काचेच्या खालच्या कडेवरून वर सोडायची आणि मागे तिला बाहेर पडायला वाट ठेवायची. आतलीच हवा फिरवत राहिलं तर ऊब लवकर येते, पण काच धुरकटते.

ही हवा तापवायची कशाने? विजेवर होत नाही. समजा अल्टरनेटर 40 अँपिअरचा आहे. बारा व्होल्टांवर त्याची सगळी कमाई पाचशे वॅटच्या आतबाहेर. त्यातून दिवे, वायपर आणि पंखा चालायचे. बॅटरीवर चालणारा दीडशे वॅटचा हीटर हात शेकायलाही अपुरा पडतो. खरी उष्णता इंजिनाच्या पाण्यात असते, म्हणून हीटरची नळी तिथूनच काढतात. इथे बारकावा आहे. पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडून, इंजिनाच्या बाजूने घ्यायचं आणि वॉटर पंप जिथून ओढतो त्या बाजूला परत सोडायचं. दोन्ही टोकं रेडिएटरच्या वरच्या नळीवर जोडली, तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हीटरला गरम पाणी मिळत नाही, आणि उघडल्यावरही दाबातला फरक नसल्याने ते नीट फिरत नाही. हीटर छताला असेल तर वरच्या वळणात हवा अडकते; ट्रॅक्टरचं नाक चढावर ठेवून ती काढावी लागते. भरताना नुसतं पाणी चालत नाही, कूलंटच हवं. नाहीतर एका रात्रीत पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आसनामागची लोखंडी कमान, ज्याला रोल बार म्हणतात, ती ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून असते. स्वीडनने 1959मध्ये नव्या ट्रॅक्टरांना असं संरक्षण सक्तीचं केलं. अमेरिकी उत्पादकांनी 1985मध्ये आपणहून ते सरसकट द्यायचं ठरवलं. या कमानीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. तिची ताकद चाचणी घेऊन ठरवलेली असते आणि एका भोकाने ती हिशेबाबाहेर जाते. केबिन कमानीला क्लॅम्पनेच धरायची. बाहेरून घेतलेला पत्रा आणि काच म्हणजे बहुधा फक्त वाऱ्यापासूनचा आडोसा. उलटताना वाचवते ती कमान, आणि तिच्या आत माणसाला जागेवर ठेवणारा पट्टा. केबिनचं वजन उंचावर बसतं, त्यामुळे उतारावर ट्रॅक्टर आधीपेक्षा लवकर कलंडतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

जोडताना बोल्ट आधी सैल ठेवावेत. दारं लावून बघायची, ट्रॅक्टरच्या पुढे लोडर (उचलायची बादली) असेल तर त्याचे हात वर-खाली करून कुठे घासतंय का पाहायचं, मगच पाना फिरवायचा. पेडलांच्या नि लिव्हरच्या भोवतालच्या फटी फोमने आणि रबराने बुजवायच्या, कारण त्यांतून थंडीबरोबर इंजिनाचा धूरही आत येतो. आत गॅसचा सुटा हीटर कधीच लावू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पत्र्याची पेटी इंजिनाचा आवाज घुमवते, तेव्हा छताला फोम आणि कानाला संरक्षण हवंच.

मागवण्याआधी गॅरेजच्या दाराची उंची मोजा. तिथे सात फुटी दारं सर्रास असतात. उघड्या ट्रॅक्टरची कमान दुमडता येते, केबिन दुमडत नाही. एप्रिल सरला की दारं बिजागरीवरून उचलून ठेवायची, छप्पर सावलीला राहू द्यायचं आणि हीटरच्या नळीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर जुलैतही गरम पाणी पायांशी फिरत राहतं.