दालनांचा शंख : नॉटिलस

पदार्थसंग्रहालयाच्या कांचेच्या कपाटांत पांढऱ्या पाठीवर तांबूस पट्टे असलेला व आंतून मोत्यासारखा झळकणारा एक वाटोळा शंख पुष्कळांनीं पाहिला असेल. तो नॉटिलसचा होय. तो मधोमध कापिला म्हणजे आंत वांकड्या पडद्यांनीं विभागलेलीं सुमारें तीस दालनें दिसतात. एवढ्या वाड्याचा धनी राहतो मात्र दाराजवळच्या शेवटच्या दालनांत. मागचीं सर्व रिकामीं! मग तीं बांधिलीं कशास?

नॉटिलस हा माकुळाचा व अष्टपादाचा भाऊबंद. त्याला नव्वदांच्या आसपास शुंडा असतात आणि डोळ्यांत भिंग नसून नुसतें बारीक छिद्र असतें. भक्ष्य तो वासावरून शोधितो. फिलिपाइन्स, फिजी इत्यादि बेटांजवळ, प्रवाळी खडकांच्या उतारावर, १०० ते ७०० मीटर खोलीवर त्याचा वास असतो. इतकें जड घर पाठीवर असून तो बुडत नाहीं, हें त्या रिकाम्या दालनांमुळें.

वाढतां वाढतां प्राणी पुढें सरकतो व मागें नवा पडदा घालितो. नवें दालन प्रथम खारट द्रवानें भरलेलें असतें. सर्व पडद्यांतून एक मांसल नळी गेलेली आहे. ती द्रवांतील क्षार ओढून घेते आणि क्षारांमागोमाग पाणीहि निघून जातें. रिकाम्या जागेंत वायु आपोआप झिरपतो. प्राणी तो फुंकून भरितो ही समजूत चुकीची आहे. या वायूचा दाब आपल्या हवेच्या दाबाहूनहि कमी असतो, हें डेंटन व गिल्पिन-ब्राउन यांनीं १९६६ सालीं दाखविलें. अर्थात् समुद्राचा सर्व भार शंखाची पातळ भिंतच सोसते. सुमारें ८०० मीटरांच्या खालीं ती चुरडते. सृष्टिकर्त्याची ही युक्ति अजब खरी, परंतु संथ. पाणबुडीच्या टांक्या कांहीं मिनिटांत रिकाम्या होतात. येथें एका दालनास कित्येक आठवडे, कधीं महिनेहि लागतात.

त्याचें सारें आयुष्यच असें मंद आहे. अंडें फुटण्यास सुमारें एक वर्ष लागतें. पिलूं जन्मतःच सातएक दालनें घेऊन येतें, आणि तें प्रौढ होण्यास दहा ते पंधरा वर्षें जातात. त्याचा भाऊबंद अष्टपाद बहुधा एकदोन वर्षांतच मरतो.

शोभेच्या शंखांसाठीं फिलिपाइन्सच्या कोळ्यांनीं आमिषाचे पिंजरे खोल सोडिले, तेव्हां वासावर येणारा हा प्राणी सहज सांपडला, आणि कांहीं ठिकाणीं तो दिसेनासा झाला. २०१६ सालीं सर्व जातींच्या नॉटिलसचा परदेशांशीं होणारा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखालीं आणण्याचें ठरलें. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंहि त्यास संरक्षण दिलें आहे.